नागीण अंतराळातही सोडत नाही! वजन गेलं की अंगातला पहारा ढिला पडतो

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की आपण विसरतो. पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. मणक्याजवळच्या नसांत तो वर्षानुवर्षं झोपून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती कमी पडली की तोच जागा होतो आणि कमरेला किंवा छातीला एका बाजूनं नागीण उठते. (तिची दोन्ही टोकं जुळली की माणूस दगावतो, ही भीती खोटी आहे. पुरळ दिसल्यापासून तीन दिवसांत डॉक्टरांचं औषध सुरू झालं तर त्रास बराच कमी होतो.)

अंतराळात मात्र हा विषाणू धडधाकट माणसातही उठतो. नासानं अंतराळवीरांची लाळ, लघवी तपासली. स्पेस शटलमधून थोड्या दिवसांसाठी गेलेल्या ८९ पैकी ४७ जणांत, तर अंतराळ स्थानकावर महिनोन्‌महिने राहिलेल्या २३ पैकी १४ जणांत कांजिण्यांचा किंवा त्याच्याच कुळातला विषाणू सापडला. बहुतेकांना त्रास काहीच झाला नाही, पण विषाणू जागा झाला होता हे नक्की.

असं का होतं? रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाचे राखणदार. १९८३ साली स्पेसलॅब या प्रयोगशाळेतून अशा पेशी वर नेल्या आणि त्यांना चेतवणारा पदार्थ घातला. जमिनीवर ठेवलेल्या पेशी भराभर कामाला लागल्या. वरच्या पेशींचा प्रतिसाद त्यांच्या तीन टक्केही नव्हता! दोन वर्षांनी काही पेशी यानातच गरगर फिरवून त्यांना कृत्रिम वजन दिलं, तर त्या कामाला लागल्या. म्हणजे घोळ वजन नसण्यातच होता. त्यात दिवसाला सोळा वेळा सूर्योदय, अर्धवट झोप आणि ताण यांची भर.

साधी सर्दीसुद्धा तिथं छळते, कारण नाकातलं पाणी खाली उतरतच नाही. १९६८ च्या अपोलो ७ मोहिमेत कमांडर वॉल्टर शिरा सर्दीनं इतके हैराण झाले, की परतताना हेल्मेट घालायलाच नकार दिला. मंगळावर जायला सहा-सात महिने लागतात, वाटेत दवाखाना नाही.

म्हणून उड्डाणाआधी अंतराळवीरांना वेगळं ठेवतात. २०२५ मध्ये शुभांशू शुक्लाही असेच क्वारंटाईनमध्ये होते. त्यानं बाहेरचे जंतू अडतात, आत झोपलेला विषाणू नाही. त्यावर शास्त्रज्ञांची भिस्त नागिणीच्या लसीवर आहे. पन्नाशीपुढच्या लोकांसाठी ती आता भारतातही मिळते, पण महाग आहे.