डभोईच्या चार दिशा
वाटेवरची गावं : भाग 5

वडोदऱ्याच्या कारेलीबागेतून चार मित्रांची गाडी भटकायला निघाली की ती सहसा अमितनगर सर्कलवरून अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेला लागते. या खेपेला आम्ही उलट अंगाला, कपुराई चोकडीवरून डभोईकडे वळलो. मागच्या सीटवरून लगेच विचारणा झाली, ‘अरे, डभोईत काय ठेवलंय?’

उत्तर डभोईच्या अलीकडे, भिलापूरपासूनच सुरू होतं. 1 एप्रिल 1731 रोजी याच टापूत थोरले बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे एकमेकांवर चालून गेले. मराठेच मराठ्यांशी लढले. भांडण होतं गुजरातवर हुकमत कोणाची याचं. दाभाडे पडले. त्यांच्या बाजूने लढणारे पिलाजी गायकवाड जखमी झाले, त्यांचा एक मुलगा मारला गेला. पुढच्याच वर्षी डाकोरला पिलाजींचा खून झाला. पण 1734 साली त्यांच्या दुसऱ्या मुलाने, दमाजींनी, वडोदरा जिंकलं आणि ते गायकवाडांकडेच राहिलं.

डभोईचं महत्त्व तिच्या वेशींवरून कळतं. पश्चिमेची वडोदरी, उत्तरेची चांपानेरी, दक्षिणेची नांदोदी : जिकडे रस्ता जातो, ते त्या वेशीचं नाव. पूर्वेची तेवढी हिरा भागोळ, घडवणाऱ्याच्या नावाची, असं लोक सांगतात. तेराव्या शतकातल्या वाघेला काळातलं तिचं कोरीवकाम सावकाश बघावं. हत्ती, योद्धे, नर्तकी एकमेकांना खेटून उभे आहेत. तिन्ही वाटा जिथे मिळतात, तिथे किल्ला का बांधला हे वेगळं सांगायला नको.

वाटांची हीच गाठ पुढे रुळांवर आली. 1862 साली खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम हा सुमारे 33 किलोमीटरचा, अडीच फुटी रुळांचा मार्ग सुरू झाला. भारतातली ही पहिली नॅरोगेज. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मियागामला मुंबईची मोठी लाईन होती. माल तिथवर पोचला की झालं. गंमत म्हणजे सुरुवातीला ही गाडी बैल ओढायचे. इंजिनं आणली होती, पण त्यांचं वजन हलक्या रुळांना पेलेना. 1873 साली जाड रूळ टाकले, पण इंजिनं नियमित धावू लागली ती 1880 पासून. मग डभोईतून चहूकडे फाटे फुटले आणि गाव नॅरोगेजचं मोठं जंक्शन झालं.

त्यातला एक फाटा चांदोदला गेला. तिथे वर्दळ कापसाची नव्हती, यात्रेकरूंची होती. नर्मदा आणि ओरसंग इथे मिळतात. मल्हारराव घाटावर नावाडी भाव सांगतात, शेजारी गुरुजी पिंड मांडून बसलेले असतात. वडोदऱ्याच्या कितीतरी मराठी घरांतल्या अस्थी याच घाटावरून नावेने संगमावर जातात.

नर्मदेच्या काठाने वर गेलं की गरुडेश्वर. सिंधुदुर्गातल्या माणगावात जन्मलेल्या दत्तभक्त टेंबेस्वामींनी 1914 साली इथे देह ठेवला. त्यांना गुरू मानणारे रंग अवधूत नारेश्वरला राहिले. कोकणी मुळाच्या घरातल्या या माणसाने ‘दत्तबावनी’ ही प्रार्थना लिहिली ती गुजरातीत, आणि आज ती दोन्ही भाषांच्या घरांत म्हटली जाते. तलवारीने आलेली मराठी माणसं इथली कशी झाली, हे राजवाड्यापेक्षा नारेश्वरच्या आरतीला जास्त चांगलं कळतं.

परतताना कर्जनवरून या. मियागाम तिथेच आहे. रुळांची गोष्टही पुढे सरकली आहे : जानेवारी 2021 पासून डभोई-चांदोदवरून ब्रॉडगेज थेट केवडियाला जाते, सरदार पटेलांच्या पुतळ्यापाशी. या गाड्यांतली गर्दी वाटेत उतरली, तरच डभोईचा फायदा. म्हणून रस्त्याने जाणाऱ्यांनी तरी बायपास सोडावा, वडोदरी वेशीतून आत शिरावं आणि हिरा भागोळीतून बाहेर पडावं. अख्खं गाव बघून होतं.

(पुढच्या भागात : संखेड्याचे खरादी आणि लाखेचं फर्निचर)