बर्फ थांबल्यावरचा धोका

सोलापूरजवळच्या होटगी जंक्शनवर मुंबई–चेन्नई लोहमार्गाला गदग, बागलकोट, विजयपूरकडून येणारा फाटा मिळतो. भोवती काळ्या रानातली ज्वारी, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. हिमस्खलनाची बातमी इथे परमुलखातली वाटते. पण २०१६ च्या फेब्रुवारीत ती या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना, माणदेशात आणि धारवाडात, एकाच वेळी येऊन धडकली.

३ फेब्रुवारीला सियाचिनमधल्या सोनम चौकीवर, सुमारे १९,६०० फुटांवर, बर्फाचा प्रचंड कडा कोसळला. १९ मद्रास बटालियनचे दहा जवान गाडले गेले. त्यांत सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या माण तालुक्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते आणि धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद. दीडशेहून अधिक जवान, शोधश्वान आणि जमिनीखालचा वेध घेणारे रडार कामाला लागले. सहाव्या दिवशी सुमारे २५ फूट बर्फाखालून हणमंतप्पा जिवंत बाहेर आले; ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. बाकीचे नऊ जण आधीच गेले होते. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, सलग हिमवृष्टीनंतर काश्मीरच्या गुरेझमध्ये १४ जवान हिमाखाली गेले. त्यांत अकोला जिल्ह्यातील जवानही होते.

सोनमला कोसळला तो जुना, घट्ट बर्फ होता. पण हिमस्खलनात जगभर डोंगरांत भटकणाऱ्यांचे सर्वाधिक बळी जातात ते हिमाच्या सुटलेल्या थरामुळे. हिम एकसंध साचत नाही. प्रत्येक वादळाचा थर वेगळा बसतो. हंगामाच्या सुरुवातीला थर पातळ असतो. त्याखालची जमीन उबदार आणि वरची हवा गोठलेली. या फरकामुळे वाफ थरातून वर सरकते आणि तळाचे कण टोकदार, साखरेसारखे सुटे होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. अशा तळावर एका रात्रीत फूट-दोन फूट नवे हिम पडले की भार वाढतो. वारा त्यात भर घालतो: डोंगराच्या एका अंगाचे हिम उचलून तो दुसऱ्या, आडोशाच्या अंगावर दाबून बसवतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हा थर कसाबसा तोललेला असतो. एका माणसाच्या वजनानेही खालचा कच्चा थर खचतो, तडा क्षणात दूरवर पळतो आणि अख्खा उतार चालू लागतो. अशा अपघातांत बहुतेक वेळा स्खलन सुरू होते ते सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच पावलाने.

हिमवृष्टी थांबते, आभाळ निळे होते, ऊन पडते. भटक्यांची सुट्टी मोजकी, परतीचे तिकीट महिन्यांपूर्वी काढलेले. साऱ्यांना निघायची घाई होते. धोका नेमका तेव्हा टिपेला असतो. नव्या भाराला बसायला, कणांना एकमेकांत जुळायला वेळ मिळालेला नसतो, आणि उन्हाने वरचा थर जड होतो. हिमवृष्टीनंतरचे पहिले २४ ते ४८ तास म्हणूनच सर्वांत नाजूक मानतात. तळ कच्चा असेल तर धोका आठवडेही टिकतो. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज, पावलांपासून पळणाऱ्या भेगा, शेजारच्या उतारावर नुकतेच कोसळलेले हिम: यांतली एक खूणही माघारी फिरायला पुरेशी आहे.

गाडल्या गेलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर तो वाचण्याची शक्यता मोठी असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते, कारण श्वास कोंडतो. हणमंतप्पांचे सहा दिवस हा विरळा अपवाद. हेलिकॉप्टर इतक्या लवकर पोहोचत नाही. वाचवतात ते सोबतीच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर संकेत देणारे ट्रान्सीव्हर, आणि सॅकमध्ये शोधकाठी व फावडे हवे, आणि ते वापरण्याचा सरावही.

आपल्याकडे या विषयाचा अभ्यास नवा नाही. १९६९ मध्ये मनालीला सुरू झालेल्या हिम आणि हिमस्खलन अभ्यास केंद्राचा वारसा आज चंडीगडची संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था चालवते. २८ फेब्रुवारी २०२५ ला चमोली जिल्ह्यात बद्रीनाथजवळच्या माणा गावी सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांचा तळ हिमाखाली गेला. ५४ पैकी ४६ जण वाचले, आठ दगावले. चमोलीसह उत्तराखंडच्या उंच भागांसाठी याच संस्थेचा इशारा आदल्या संध्याकाळीच निघाला होता. इशारा निघणे आणि उताराखाली झोपलेल्या माणसापर्यंत तो पोहोचणे, यांतले अंतर भरणे हे आजचे खरे काम आहे.

सोलापूर-पुण्याची मुले आता डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर जातात. सह्याद्रीने दिलेला दम तिथे कामी येतो, पण सह्याद्रीचा कडा हिमाचे थर वाचायला शिकवत नाही. म्हणून पैसे भरण्याआधीच आयोजकाला विचारावे: रोजचा इशारा कोण पाहतो? वाट कोणत्या उताराखालून जाते? शोधसाहित्य किती जणांकडे आहे? हवामान बिघडले तर राखीव दिवस आहे का? आणि शिखर समोर दिसत असताना गट मागे वळवणाऱ्या लीडरला घरी आल्यावर भित्रा म्हणू नये. त्याने बर्फ वाचला आणि सगळ्यांना परत आणले. शाबासकी त्यालाच द्यावी.