क्रियापदापर्यंत पुरणारा दम

घरच्या घरी रॅप ध्वनिमुद्रित करणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की आवाज बीटमध्ये बुडतो आणि शब्द कळत नाहीत. मग महागडा माइक घेतला जातो, नवं प्लगइन टाकलं जातं, मिक्सिंग करणाऱ्याच्या मागे तगादा लावला जातो. दुखणं मात्र बऱ्याचदा वहीतच जडलेलं असतं. मराठीत तर ते जास्तच, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. कोणी काय केलं, केलं की नाही केलं, हे ओळीच्या शेपटाशी कळतं, आणि नेमका तिथेच रॅपरचा श्वास संपत आलेला असतो. ओळ दणक्यात सुरू होते आणि ‘नाही’, ‘सोडलं’, ‘देणार’ हे अर्थ ठरवणारे शब्दच घशात विरतात. इंग्रजीत क्रियापद सहसा कर्त्यापाठोपाठ येऊन जातं. त्यामुळे इंग्रजी रॅपच्या मापाने मराठी ओळ ठासून भरणाऱ्याला हा घोटाळा माइकसमोर उभं राहीपर्यंत जाणवत नाही.

हिशेब साधा आहे. मिनिटाला 90 ठोक्यांची बीट घेतली तर चार ठोक्यांचा एक बार सुमारे 2.67 सेकंदांत संपतो. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले की एका बारमध्ये 16 जागा मिळतात, म्हणजे सेकंदाला सहा अक्षरं. चार बार असे काठोकाठ भरले तर 64 अक्षरं पावणेअकरा सेकंदांत, मध्ये कुठेही श्वास न घेता म्हणावी लागतात. म्हणता येतात, पण शेवटची दहा-बारा कशी येतील ते उघड आहे. चौथ्या बारच्या शेवटचा एक ठोका मोकळा सोडला तर पाऊण सेकंदाला थोडी कमी अशी उसंत मिळते. झटकन श्वास घ्यायला ती पुरते. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे असतात. ओवीतही चौथा चरण आखूड असतो. ही रचना श्वासासाठीच झाली असं म्हणणं धाडसाचं ठरेल, पण म्हणणाऱ्याला तिथे जागा मिळते एवढं खरं. एक सावधगिरी मात्र हवी. अभंगात ‘घर’ची दोन अक्षरं धरतात, बोलताना उच्चार एकच होतो, ‘दगड’ची तीन लिहितो आणि दोन उच्चारतो. रॅप बोलीत चालतो, त्यामुळे अक्षरं कागदावर मोजू नयेत, तोंडाने म्हणून मोजावीत.

यमकाचाही याच्याशी संबंध आहे. ‘येतो, जातो, खातो’ हे यमक मराठीत फुकट मिळतं, म्हणून नवखा रॅपर सगळा भार शेवटच्या क्रियापदावर टाकतो. जिथे दम सर्वांत कमी, तिथेच अर्थही आणि यमकही! यमक ओळीच्या पोटात घेतलं की हा भार वाटला जातो. एरिक बी आणि राकिम यांचा ‘पेड इन फुल’ हा अल्बम 1987 साली आला, आणि राकिमचं नाव आजही अशा आतल्या यमकांसाठीच घेतलं जातं. आपल्याकडे पोवाडे आणि फटके रचणाऱ्या शाहिरांना तर हे अंगवळणी पडलेलं होतं. शिवाय मराठीत शब्दांची जागा हलवता येते. ‘मी गाव सोडून गेलो’चं ‘गेलो सोडून गाव मी’ केलं की क्रियापद भरल्या श्वासावर पडतं. ही मोकळीक इंग्रजीत लिहिणाऱ्याला इतकी नाही.

इथे आक्षेप येतो की आता श्वासाची चिंता कशाला, ओळी तुकड्यातुकड्याने ध्वनिमुद्रित करता येतात. खरं आहे, अनेक नामवंत तसंच करतात. पण तुकडा कुठे तोडायचा हे लिहितानाच ठरलेलं नसेल तर दोन तुकड्यांची ऊर्जा जुळत नाही, सांधा ऐकू येतो. आणि मंचावर तीच ओळ एका दमात म्हणायची वेळ येते तेव्हा पंचाईत होते. दुसरा आक्षेप असा की जे-झी आणि लिल वेन कागदावर लिहितच नाहीत. पण ते ओळी तोंडात घोळवून रचतात, म्हणजे श्वासाची परीक्षा रचतानाच होऊन जाते. तो दाखला उलट माझ्याच बाजूचा आहे.

माइकसमोर मग थोडंच उरतं. तोंड माइकपासून साधारण एक वीत लांब असावं. फार जवळ गेलं तर एकदिश माइकमध्ये खर्ज फुगतो आणि प, फ, ब, भ यांचे हवेचे झोत धप्पकन आदळतात. जाळी लावावी, माइक जरा तिरका ठेवावा. पातळी पूर्ण भरू नये. सर्वांत मोठा उच्चार उणे 10 डेसिबलच्या आसपास गेला तरी पुष्कळ. सगळी ओळ दुहेरी म्हणण्याऐवजी फक्त शेवटचे दोन-तीन शब्द दुसऱ्या टेकमध्ये म्हणून मुख्य आवाजाखाली हलकेच ठेवले, की पडणारं क्रियापद सावरतं. आणि पंखा बंद करावा, फरशी आणि उघड्या भिंती गोधड्यांनी झाकाव्यात.

गोधडीचं महत्त्व कळायला कॉम्प्रेसर कसा चालतो ते पाहावं लागतं. चारास एक या प्रमाणावर ठेवलेला कॉम्प्रेसर ठरवलेल्या रेषेच्या 8 डेसिबल वर गेलेला आवाज 2 डेसिबलवर आणतो. मग सगळी पातळी 6 डेसिबलने वर उचलली की विरलेले शब्द वर येतात, पण त्यांच्यासोबत पंख्याची घरघर आणि खोलीचा घुमाराही तेवढाच वर येतो. शिवाय जे व्यंजन नीट उच्चारलंच नाही ते यंत्र घडवू शकत नाही, फक्त अस्पष्टपणा मोठा करतं. व्यंजनांची धार साधारण 2 ते 4 किलोहर्ट्‌झमध्ये असते. आवाज आणखी चढवण्याआधी बीटमधल्या वाद्यांना तिथे थोडं खाली घ्यावं, आणि आवाजातला 80 हर्ट्‌झखालचा भाग काढून टाकावा. ‘स’ची शिट्टी दाबणारा डी-एसर मराठीत जपून वापरावा, ‘चाक’, ‘चोर’, ‘जाळं’ यांतल्या दंत्य ‘च’ आणि ‘ज’ यांनाही तीच शिट्टी असते, आणि ती जास्त दाबली की माणूस बोबडा वाटतो.

सगळ्याच रॅपला हे लागू नाही. क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या 2024 मधल्या ‘तांबडी चामडी’सारख्या नाचाच्या गाण्यात शब्द आधी ताल असतो, मग अर्थ, ट्रॅपमध्ये आवाज मुद्दाम विरघळवतात. तिथे शब्द हरवणं हीच शैली असू शकते. पण सांगण्यासारखं काही असलेल्या गाण्याला ही सवलत मिळत नाही. मिक्स झालेलं गाणं मोबाइलच्या स्पीकरवर, हळू आवाजात, ते कधीच न ऐकलेल्या माणसाला ऐकवावं आणि प्रत्येक ओळीचं क्रियापद कोणतं ते विचारावं. जिथे तो अडखळेल, तिथली ओळ वहीत पुन्हा लिहायला घ्यावी.