यकृत-उच्छेदन
यकृत-उच्छेदन : यकृताचा रोगग्रस्त भाग शस्त्रक्रियेने काढून टाकण्याच्या क्रियेस ‘यकृत-उच्छेदन’ म्हणतात. यकृताचा प्राथमिक कर्करोग, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे यकृतातील प्रक्षेप, सौम्य अर्बुदे, पटकृमिजन्य पुटी व गंभीर इजा यांसाठी ती करतात. प्रतिरोपणासाठी जिवंत दात्याच्या यकृताचा भागही याच तत्त्वांनी काढला जातो. [⟶ यकृत].

यकृतात प्रवेशिका नीला व यकृत रोहिणी यांतून रक्त येते, त्यांपैकी सु. तीन-चतुर्थांश रक्त प्रवेशिका नीलेतून येते. ऊतक मऊ व रक्तवाहिन्यांनी भरलेले असल्याने अतिरक्तस्राव हा या शस्त्रक्रियेतील मुख्य धोका होय. दुसरा धोका उरलेले यकृत अपुरे पडण्याचा असतो. यकृताची पुनर्जननक्षमता मोठी असली, तरी निरोगी यकृताचा निदान २०–२५% व सूत्रण रोग झालेल्या यकृताचा सु. ४०% भाग मागे राहणे आवश्यक मानतात.

इतिहास : कार्ल लांगेनबुख यांनी १८८८ मध्ये जर्मनीत पहिले यशस्वी नियोजित उच्छेदन केले. जे. एच्. प्रिंगल यांनी १९०८ मध्ये यकृतद्वाराशी रक्तवाहिन्या दाबून रक्तप्रवाह तात्पुरता थांबविण्याची युक्ती वर्णन केली. फ्रान्समध्ये लोर्ता-झाकोब यांनी १९५२ मध्ये नियोजित उजव्या यकृतार्धाच्या उच्छेदनाचे वर्णन प्रसिद्ध केले, तर क्वीनो यांनी १९५७ मध्ये यकृताचे आठ खंड पाडून दाखविले. प्रत्येक खंडास स्वतंत्र रक्तपुरवठा व पित्तवाहिनी असल्याने तो एकटाही काढता येतो.

पद्धती : (१) शारीररचनानुसारी उच्छेदनात खंड किंवा यकृतार्ध त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढतात. प्राथमिक कर्करोग प्रवेशिका नीलेच्या शाखांवाटे पसरत असल्याने त्यात ही पद्धत सामान्यतः पसंत करतात. (२) अर्बुदाभोवतीचा थोडाच निरोगी भाग घेऊन केलेल्या उच्छेदनात जास्त यकृत वाचते. आतड्याच्या कर्करोगाचे प्रक्षेप व सूत्रण रोग यांत त्याचे महत्त्व विशेष आहे. प्रक्षेप पुन्हा उद्भवल्यास दुसरी शस्त्रक्रियाही शक्य राहते.

ऊतक छेदण्याच्या रीतीही भिन्न आहेत. हानोई येथील तोन थाट तुंग यांनी बोटांनी ऊतक चिरडून उघड्या पडलेल्या वाहिन्या बांधण्याची रीत रूढ केली. पुढे बोटांऐवजी चिमटा आला. १९८० नंतर श्राव्यातीत ध्वनीचे छेदक, पाण्याचा वेगवान झोत व उष्णतेने वाहिन्या बंद करणारी साधने वापरात आली. १०० रुग्णांवरील २००५ च्या तौलनिक अभ्यासात चिमट्याची रीत सर्वांत जलद, कमी रक्तस्रावाची व स्वस्त ठरली. मात्र त्या गटात प्रिंगल यांची युक्ती वापरली होती, इतर गटांत नियमितपणे नव्हती आणि सूत्रण रोगाचे रुग्ण वगळले होते, हे लक्षात घ्यावे लागते.

ही युक्ती बहुधा १५ मिनिटे रक्तप्रवाह थांबवून ५ मिनिटे सोडण्याच्या क्रमाने वापरतात. तिने यकृत नीलांतील रक्तस्राव थांबत नाही; त्यासाठी शुद्धिहारक तज्ज्ञ मध्यवर्ती नीलांतील दाब कमी ठेवतात.

दुर्बिणीद्वारे केलेले उच्छेदन १९९० नंतर रूढ झाले. नॉर्वेतील २८० रुग्णांवरील अभ्यासात (२०१८) अशा शस्त्रक्रियेनंतर १९%, तर उदर उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ३१% रुग्णांत गुंतागुंत आढळली. हा निष्कर्ष आतड्याच्या कर्करोगाच्या प्रक्षेपांसाठी केलेल्या मर्यादित उच्छेदनापुरता आहे.

रक्तपेढी, अतिदक्षता विभाग व अनुभवी चमू यांवर यश अवलंबून असल्याने चांदवडसारख्या तालुक्याच्या गावातील रुग्णास नासिक वा मुंबई येथे जावे लागते. महागड्या साधनांचा अभाव हे तेथील शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण ठरू नये. योग्य रुग्णाची निवड व मागे उरणाऱ्या यकृताचे अचूक मापन यांस साधनापेक्षा अधिक महत्त्व आहे.