रस्ता, नाली आणि घरमालक : आकारणीच्या परिभाषेचा एक विचार

बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली या नगरपरिषदांच्या सीमेलगत शेतजमिनीचे तुकडे पडून ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांना वऱ्हाडात 'ले-आऊट' म्हणतात. अशा वसाहतींत अनेकदा घर आधी उभे राहते. रस्ता व नाली मागाहून येतात. घाटाखालील पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. पाण्याला वाट न देता केलेला रस्ता अशा जमिनीवर टिकत नाही. म्हणजे नालीचे काम लांबले की रस्त्याचेही लांबते, आणि दोहोंचा खर्च वाढतो. हा वाढलेला खर्च घरमालकाकडून कोणत्या नात्याने घ्यावयाचा, हा प्रश्न कायद्याचा खराच. परंतु ते नाते ज्या शब्दांनी सांगितले जाते त्या शब्दांचा विचार भाषेच्या अभ्यासकालाही करावा लागतो.

व्यवहारात 'पट्टी', 'कर', 'शुल्क' आणि 'आकार' हे चार शब्द जवळजवळ समानार्थी म्हणून वापरले जातात. ते समानार्थी नाहीत.

'पट्टी' हा शब्द संस्कृत 'पट्ट' शब्दाच्या कुळातला आहे. मराठी राज्यकारभारात एखाद्या ठरावीक कारणासाठी अनेकांवर वाटून बसविलेली रक्कम, या अर्थाने तो रूढ होता. राज्याभिषेकाच्या खर्चासाठी बसविलेली 'सिंहासनपट्टी' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. शब्दाच्या पूर्वपदात कारण सांगितलेले असे. 'घरपट्टी' व 'पाणीपट्टी' हे शब्द त्याच घडणीचे दिसतात; पण त्यांच्या पूर्वपदांचे कार्य एक नाही. पाणीपट्टीतील 'पाणी' हे मिळणाऱ्या सेवेचे नाव आहे, तर घरपट्टीतील 'घर' हे केवळ आकारणी कशावर झाली ते सांगते. ऐकणारा मात्र दोन्ही शब्द एकाच साच्यातून समजून घेतो. 'पाणीपट्टी भरतो म्हणून पाणी मिळावे', तसेच 'घरपट्टी भरतो म्हणून घरापुढे नाली व्हावी', असे तो म्हणतो.

कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ मध्ये योजिलेल्या एकत्रित मालमत्ता करात सामान्य कर, सामान्य पाणीपट्टी, दिवाबत्ती कर व सामान्य स्वच्छता कर यांचा समावेश आहे. तो 'कर' आहे. त्याच्या मोबदल्यात अमुक गल्लीत अमुक काम होईल, असे वचन त्यात नाही. कर व शुल्क यांतील हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात स्पष्ट केला. कर हा सार्वजनिक कारणासाठी सक्तीने घेतलेला पैसा होय, तर शुल्कामागे काही सेवा असावी लागते. पुढे १९८३ च्या एका निर्णयात सेवा व शुल्क यांचे प्रमाण तंतोतंत जुळण्याची अट शिथिल झाली. परंतु दोहोंत काही वाजवी संबंध असावा हे तत्त्व राहिले. तेव्हा घरमालकाची तक्रार अज्ञानमूलक आहे असे म्हणून ती बाजूस सारणे योग्य नव्हे. त्याने 'कर' या गोष्टीला 'पट्टी' या शब्दाचा जुना अर्थ लावला, इतकेच. आणि तो शब्द त्याला व्यवहारानेच दिलेला आहे.

'आकार' या शब्दाची गोष्ट निराळी. महसुलाच्या भाषेत आकार म्हणजे ठरविलेली रक्कम. सातबाराच्या उताऱ्यावर हा शब्द आजही दिसतो. त्यात कारणही नाही व मुदतही नाही. हाच शब्द पुढे 'विकास आकार' या रूपाने नगररचनेच्या कायद्यात आला. गुंठेवारी विकास नियमित करण्यासाठी २००१ साली झालेल्या अधिनियमात भूखंडधारकाकडून प्रशमन शुल्क व विकास आकार घेण्याची तरतूद आहे. आरंभी ती १ जानेवारी २००१ पूर्वीच्या भूखंडांपुरती होती. २०२१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा डिसेंबर २०२० अखेरपर्यंत आली. या वसुलीचा उद्देश त्या वस्तीतील मूलभूत सोयी हा आहे. म्हणजे येथे घरमालकाची अपेक्षा रास्त ठरते. पण नेमक्या याच ठिकाणी योजिलेला शब्द त्या अपेक्षेविषयी मौन पाळतो. जेथे वचन नाही तेथे 'पट्टी' हा वचन सुचविणारा शब्द, आणि जेथे वचन आहे तेथे 'आकार' हा निर्विकार शब्द, अशी ही विसंगती आहे.

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात याहून स्पष्ट रचना आढळते. खाजगी रस्ता सपाट केलेला नसेल, त्याला फरसबंदी वा गटार नसेल, तर त्या रस्त्यालगतच्या मालकांना ते काम करावयास सांगता येते; आणि काम समाधानकारक झाल्यावर मालकांनी मागणी केली तर तो रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करावा लागतो. या रचनेमागे १८७५ च्या इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्य कायद्याची परंपरा आहे. येथे देणे आणि मिळणे ही दोन्ही एकाच वाक्यात बांधलेली आहेत.

ले-आऊटमधील रहिवासी दरम्यानच्या काळात आणखी एक शब्द वापरतात, तो 'वर्गणी'. पावसाळ्यापूर्वी आपसांत पैसे जमवून गल्लीत मुरूम टाकला जातो. वर्गणी कोणी दिली, किती दिली व तिचे काय झाले, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु नंतर विकास आकार भरताना ती हिशेबात धरली जाईल असे नाही. ज्याने प्रतिवर्षी कर दिला, मध्ये वर्गणी दिली आणि शेवटी आकारही दिला, त्याच्या दृष्टीने एकाच नालीची किंमत तीनदा चुकती झाली. विलंबाचा भार हा असा, कोणत्याही कागदावर नाव न येता, त्याच्यावर पडतो.

यावर शब्द बदलणे हा पुरेसा उपाय आहे, असा दावा येथे नाही. तथापि मागणीच्या कागदावर काम कोणते, ते कोणत्या वस्तीचे व केव्हापर्यंत व्हावयाचे, या तीन गोष्टी रकमेशेजारी लिहिणे हे प्रशासनाच्या आवाक्यातले काम आहे. 'सिंहासनपट्टी' म्हणणाऱ्यांनी पैसा कशासाठी हे शब्दातच सांगितले होते. आजच्या परिभाषाकारांनीही निदान तेवढे सांगावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.