अधिकाराविना संघटन : इंडियानातील हायस्कूल बास्केटबॉल प्रशिक्षक संघटनेच्या कार्याचा परिचय

प्रस्तावना

शालेय क्रीडास्पर्धांविषयी लिहिताना विजेते संघ, गुणवंत खेळाडू व शासकीय यंत्रणा यांचा विचार प्रामुख्याने होतो. खेळाडू घडविणारा प्रशिक्षक मात्र या लेखनात क्वचितच आढळतो, आणि प्रशिक्षकांच्या संघटनेचा उल्लेख तर जवळजवळ नसतोच. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील हायस्कूल बास्केटबॉल प्रशिक्षक संघटनेच्या कार्याचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. ज्या संघटनेला नियम करण्याचा, स्पर्धा घेण्याचा किंवा सभासदाची नोकरी राखण्याचा अधिकार नाही, ती नेमके काय साधते, हा या लेखातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

इंडियानाची निवड सहेतुक आहे. तेथे हा खेळ शाळेपुरता न राहता गावाच्या सामूहिक जीवनाचा भाग झाला आहे. सुमारे १७,००० लोकवस्तीच्या न्यू कॅसल या गावातील शालेय क्रीडागृहात हजारो प्रेक्षकांची सोय आहे, यावरून त्याची कल्पना यावी. जेथे संपूर्ण गाव सामना पाहावयास येते, तेथे पराभवाचा जाबही संपूर्ण गाव विचारते. प्रशिक्षकाचे स्थान या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

१. प्रशिक्षकाचे दुहेरी स्थान

अमेरिकन हायस्कूलमधील प्रशिक्षक हा बहुधा प्रथम शिक्षक असतो. दिवसा तो गणित, इतिहास किंवा शारीरिक शिक्षण शिकवितो आणि शाळा सुटल्यावर संघाचा सराव घेतो. प्रशिक्षणाच्या कामासाठी त्याला वेतनाव्यतिरिक्त मानधन मिळते व त्यासाठीचा करार सामान्यतः स्वतंत्र आणि वर्षापुरता असतो. शिक्षक म्हणून नोकरीला जे संरक्षण असते, ते प्रशिक्षकपदाला लाभत नाही. परिणामी दोन-तीन हंगाम अपयशाचे गेले तर शिक्षकाची नोकरी कायम राहूनही प्रशिक्षकपद जाऊ शकते.

या स्थितीची दुसरी बाजू एकाकीपणाची आहे. गणिताच्या शिक्षकाला शाळेत त्याच विषयाचे सहकारी असतात. बास्केटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाला मात्र शाळेत समकक्ष कोणीच नसते. ज्याला त्याच्या अडचणी खऱ्या अर्थाने कळतात, तो शेजारच्या गावातील प्रतिस्पर्धी प्रशिक्षकच असतो. एरवी परस्परांना हरविण्यात गुंतलेल्या अशा व्यक्तींना एका व्यवसायाचे घटक म्हणून एकत्र आणणे, हे संघटनेचे पहिले व मूलभूत कार्य होय.

२. संघटित होण्यामागील पूर्वपरंपरा

प्रशिक्षकांच्या संघटनांचा उगम नियमांविषयीच्या मतभेदात आढळतो. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ शोधून काढला. चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेण्याचे, म्हणजेच ड्रिब्लिंगचे कौशल्य त्यानंतर खेळाडूंच्या कल्पकतेतून विकसित झाले. १९२७ मध्ये संयुक्त नियम समितीने ड्रिब्लिंगवर कठोर मर्यादा घालण्याचे ठरविले, तेव्हा कॅन्ससचे प्रशिक्षक फॉग ॲलन यांच्या पुढाकाराने महाविद्यालयीन प्रशिक्षक एकत्र आले आणि राष्ट्रीय बास्केटबॉल प्रशिक्षक संघटना स्थापन झाली. तो नियम मागे घेण्यात आला. नियम समिती करीत असली तरी त्याचा मैदानावरील परिणाम प्रशिक्षकाला सर्वांत आधी कळतो, ही जाणीव या घटनेतून रुजली. राज्याराज्यांतील हायस्कूल संघटनाही याच जाणिवेवर उभ्या आहेत.

३. कार्याचे प्रमुख पैलू

इंडियानातील संघटना मुलांच्या व मुलींच्या अशा दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांची आहे. तिच्या कार्याचे स्थूलमानाने तीन भाग करता येतात.

पहिला भाग ज्ञानाच्या देवाणघेवाणीचा. संघटनेतर्फे प्रशिक्षकांसाठी शिबिर भरते. त्यात अनुभवी प्रशिक्षक बचावाच्या पद्धती, सरावाचे नियोजन, संघातील शिस्त इत्यादी विषयांवर प्रात्यक्षिकांसह मार्गदर्शन करतात. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, मार्गदर्शन करणारा आपले डावपेच पुढील हंगामातील प्रतिस्पर्ध्यांनाच शिकवीत असतो. वैयक्तिक लाभाच्या दृष्टीने हे विसंगत वाटेल. परंतु नवोदित प्रशिक्षकाला या शिक्षणाचा दुसरा मार्ग सहसा उपलब्ध नसतो, आणि आज देणारा स्वतः काल घेणारा होता, या परंपरेमुळे ही देवाणघेवाण टिकून राहते.

दुसरा भाग गौरवाचा. राज्यातील उत्तम खेळाडूंची निवड, विभागवार उत्कृष्ट प्रशिक्षकांचा सन्मान, तसेच अभ्यासात व खेळात सारखेच प्रावीण्य दाखविणाऱ्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गौरव संघटना करते. वालपरेझो येथील प्रशिक्षक व्हर्जिल स्वीट यांच्या नावाचा पुरस्कार खेळाच्या सेवेसाठी दिला जातो. वर्तमानपत्रे विजयाची नोंद घेतात, तर समव्यावसायिकांना दुर्बल संघाकडून चांगला खेळ करवून घेणाऱ्या प्रशिक्षकाचे श्रमही दिसू शकतात. जय-पराजयाच्या आकड्यांपलीकडचा मानदंड निर्माण करणे, हे या सन्मानांचे खरे प्रयोजन आहे.

तिसरा भाग खेळाडूंच्या पुढील शिक्षणाशी निगडित आहे. निवडक खेळाडूंना महाविद्यालयीन प्रशिक्षकांसमोर कौशल्य दाखविण्याची संधी संघटना उपलब्ध करून देते. या कार्याचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. २०१७ मध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील लाचखोरी उघडकीस आली. त्यानंतर नेमलेल्या, कोंडोलिझा राइस यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये अहवाल दिला आणि खेळाडूंच्या निवडीवरील व्यापारी हितसंबंधांच्या प्रभावाकडे लक्ष वेधले. २०१९ पासून जून महिन्यात शालेय संघांचे सामने पाहून निवड करण्याची मुभा महाविद्यालयीन प्रशिक्षकांना मिळाली. पादत्राणांच्या कंपन्यांच्या आश्रयाखालील खासगी संघांकडे झुकलेली निवडप्रक्रिया अंशतः शाळेच्या अंगणात परत आणण्याचा हा प्रयत्न होता. साहजिकच हायस्कूल प्रशिक्षकांच्या संघटनांवर नवी जबाबदारी आली.

४. मर्यादा : दोन उदाहरणे

इंडियानातील स्पर्धांचे नियंत्रण १९०३ मध्ये स्थापन झालेल्या हायस्कूल ॲथलेटिक असोसिएशनकडे आहे. तिचे सदस्यत्व शाळांचे आहे. प्रशिक्षक संघटना आपले मत मांडू शकते, परंतु निर्णय तिच्या हाती नाही.

याचे ठळक उदाहरण म्हणजे स्पर्धेचे वर्गीकरण. १९११ पासून राज्यातील लहान-मोठ्या शाळा एकाच विजेतेपदासाठी लढत. १९५४ मध्ये केवळ १६१ विद्यार्थी असलेल्या मायलन या गावच्या शाळेने मन्सी सेंट्रल या बलाढ्य संघास ३२–३० असे पराभूत केले. हा विजय राज्याच्या स्मृतीत दंतकथेसारखा रुजला व १९८६ च्या ‘हूजिअर्स’ या चित्रपटाला त्यातूनच प्रेरणा मिळाली. तथापि असा विजय हा अपवाद होता. लहान शाळांना विजेतेपदाची वास्तव संधी मिळावी, या भूमिकेतून १९९६ मध्ये विद्यार्थिसंख्येनुसार चार गट करण्याचा निर्णय झाला. त्यावर घेतलेल्या मतदानात मुख्याध्यापकांनी २२० विरुद्ध १५७ मतांनी तो कायम केला व १९९७-९८ च्या हंगामापासून नवी रचना अमलात आली. १९५४ च्या सामन्यातील विजयी गुण नोंदविणारे बॉबी प्लम्प यांचा या बदलास जाहीर विरोध होता. ज्यांच्या रोजच्या कामावर या निर्णयाचा सर्वाधिक परिणाम होणार होता, त्या प्रशिक्षकांना मात्र मताधिकार नव्हता.

दुसरे उदाहरण चेंडू ताब्यात ठेवण्याच्या कालमर्यादेचे, म्हणजे शॉट क्लॉकचे आहे. राष्ट्रीय महासंघाने २०२१ मध्ये, २०२२-२३ च्या हंगामापासून ३५ सेकंदांची मर्यादा लागू करण्याची मुभा राज्यांना दिली. यामुळे खेळ गतिमान होतो हे खरे. पण प्रत्येक क्रीडागृहात घड्याळे बसविणे व ती चालविण्यास प्रत्येक सामन्याला आणखी एक जाणकार व्यक्ती मिळविणे, हा भार लहान शाळेला जड जातो. शिवाय १९५४ च्या अंतिम सामन्यात मायलनचे प्रशिक्षक मार्विन वुड यांच्या डावपेचानुसार प्लम्प यांनी चौथ्या सत्रात चार मिनिटांहून अधिक काळ चेंडू हाती धरून ठेवला होता. कालमर्यादा असती तर दुर्बलाचे ते शस्त्र वापरताच आले नसते. नियमातील एक आकडा कोणत्या शाळेच्या बाजूने झुकतो, हे मैदानावरील माणूसच सांगू शकतो. म्हणूनच मताधिकार नसलेल्या संघटनेच्या मतालाही मोल असते.

५. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, प्रशिक्षक संघटनेचे सामर्थ्य अधिकारात नसून सामायिक ज्ञान, परस्पर प्रतिष्ठा व जाणकार मत यांत आहे. तथापि तिचे गुणगान करताना मर्यादा नजरेआड करू नये. पद गमावलेल्या सभासदाला ती सहानुभूती व प्रतिष्ठा देऊ शकते, पद परत मिळवून देऊ शकत नाही.

भारतीय वाचकांना हा विषय सर्वस्वी परका नाही. स्प्रिंगफील्डच्याच परंपरेतील हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले आणि त्या संस्थेने आपल्याकडील शारीरिक शिक्षणाचा पाया घालण्यास हातभार लावला. खेळ आपण तेथून स्वीकारला, मैदाने आखली, स्पर्धाही सुरू केल्या. खेळ शिकविणाऱ्यांनी परस्परांना शिकविण्याची जी व्यवस्था त्याच्याबरोबर वाढली, तिच्याकडेही क्रीडाशिक्षणाच्या अभ्यासकांनी तितक्याच गांभीर्याने पाहावयास हवे. आपल्या शाळेत एकटाच असलेल्या क्रीडाशिक्षकाला शेजारच्या शाळेतील प्रतिस्पर्धी हा आपला पहिला सहकारी वाटू लागणे, ही त्या व्यवस्थेची सुरुवात असते. त्यासाठी कोणत्याही अधिकाराची वाट पाहावी लागत नाही.