आकस्मिक धन आणि नातींगोतीं : कांहीं इंग्रजी शब्दांचा विचार

इंग्रजी वाचतांना अडविणारे शब्द नेहमीं लांबलचक असतात असें नाहीं. अंकल, कझिन, फॉर्च्यून हे अगदीं परिचयाचे शब्द. परंतु त्यांचें मराठी करूं लागलें म्हणजे लेखणी थबकते. एखाद्यास अकस्मात् धन मिळालें आणि त्यामुळें घरच्या माणसांशीं त्याचें वागणें पालटलें, हा विषय इंग्रजी कथांत वारंवार येतो. म्हणून त्या विषयांतील कांहीं शब्द आम्ही येथें एकत्र घेत आहों. विद्यार्थ्यांनीं ते घरींही वाचून दाखवावे.

प्रथम धनाचे शब्द पाहूं. 'विंडफॉल' म्हणजे मूळ अर्थीं वाऱ्यानें झाडावरून पडलेलें फळ. झाडावर चढावें लागलें नाहीं, दगड मारावा लागला नाहीं, फळ आपोआप पायाशीं आलें. त्यावरून श्रमावांचून झालेल्या अनपेक्षित लाभास हा शब्द लागला. आपण ह्यास 'घबाड' म्हणतों. मात्र घबाड मोठेंच असावें लागतें, विंडफॉल चार आण्यांचाही असूं शकतो. 'फॉर्च्यून' ह्याचे अर्थ दोन : दैव आणि संपत्ति. कोणता घ्यावयाचा तें वाक्यावरून ठरवावें. 'लेगसी' म्हणजे मृत्युपत्रानें ठेवलेलें धन. 'इनहेरिटन्स' म्हणजे वारशानें आलेलें, मग मृत्युपत्र असो वा नसो.

वारसास 'एअर' म्हणतात. त्याच्या आरंभीं एच् हें अक्षर लिहितात, पण उच्चारीत नाहींत. म्हणून त्यामागें 'अ' न येतां 'अ‍ॅन' येतें. वारसांतही भेद आहे. पुढें कोणीही जन्मलें तरी ज्याचा हक्क जात नाहीं तो 'एअर अपॅरंट', आणि अधिक जवळचा वारस जन्मल्यास ज्याचा हक्क मागें पडतो तो 'एअर प्रिझम्प्टिव्ह'. इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ १९३६ पासून १९५२ मध्यें राज्यावर येईपर्यंत दुसऱ्या प्रकारची वारस होती. कारण त्या वेळच्या नियमाप्रमाणें तिला भाऊ झाला असता तर सिंहासन त्याचें झालें असतें.

धन आलें कीं उधळणारेही येतात. 'थ्रिफ्ट' म्हणजे काटकसर, तर 'स्पेंडथ्रिफ्ट' म्हणजे उधळ्या कसा, असें विद्यार्थी विचारतात. पूर्वीं थ्रिफ्टचा अर्थ भरभराट, सांठविलेलें द्रव्य असा होता. तें खर्चून टाकणारा तो स्पेंडथ्रिफ्ट. 'प्रॉडिगल' ह्या शब्दाविषयींही गैरसमज आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांतील पुत्र घरीं परत आला, म्हणून प्रॉडिगल म्हणजे परत आलेला, असें पुष्कळांस वाटतें. त्याचा अर्थ उधळा एवढाच. आपल्याकडील 'उधळा पुत्र' हें नांव यथार्थ आहे. 'नूव्हो रीश' हा फ्रेंच शब्द नवश्रीमंतास लावतात. त्यांत तुच्छता आहे, हें जाणूनच तो वापरावा.

आतां नात्यांकडे वळूं. 'असतील शितें तर जमतील भुतें' ही म्हण आपल्या ओळखीची आहे. परंतु जमलेल्या भुतांस नांवें देण्यांत इंग्रजी आपल्याहून दरिद्री आहे. चुलत, आते, मामे, मावस, आणि त्यांत भाऊ व बहीण मिळून जीं आठ नातीं होतात, तीं सारीं एका कझिनमध्यें बसतात. काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा हे सर्व अंकल. दीर, मेहुणा आणि साडू हे तिघेही ब्रदर-इन-लॉ. ह्यांतील 'लॉ' म्हणजे न्यायकचेरीचा कायदा नव्हे. विवाहसंबंधामुळें कोणाशीं लग्न निषिद्ध, हें सांगणारा तो ख्रिस्ती धर्मसभेचा नियम होय. 'स्टेपमदर' म्हणजे सावत्र आई. येथील 'स्टेप' पायरी नव्हे, पोरकेपण दर्शविणारें जुनें उपपद आहे. पूर्वीं सावत्र आईसही मदर-इन-लॉ म्हणत. डिकन्सच्या पिक्विक पेपर्समध्यें (१८३६–३७) सॅम वेलर तसेंच म्हणतो. तेथें सासू समजल्यास गोंधळ होईल.

ह्याच डिकन्सच्या ग्रेट एक्स्पेक्टेशन्स (१८६०–६१) ह्या कादंबरींत आजचे दोन्ही विषय एकत्र आले आहेत. नांवांतील 'एक्स्पेक्टेशन्स' म्हणजे नुसत्या अपेक्षा नव्हत, पुढें धन मिळण्याची आशा होय. पोरक्या पिपला बहिणीनें व तिच्या नवऱ्यानें, जो नांवाच्या लोहारानें, वाढविलें. जो हा नात्यानें ब्रदर-इन-लॉ, पण मायेनें बाप. पिपला अकस्मात् धन मिळतें व तो लंडनला जातो. तेथें जो भेटीस येतो, तेव्हां त्याच्या बोलण्याचालण्याची पिपला लाज वाटते. पुढें पिप आजारी पडतो, कर्जांत बुडतो. त्या वेळीं त्याची शुश्रूषा करणारा व त्याचें कर्ज फेडणारा जोच असतो.

ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस परकी नाहीं. ज्यांच्या घरांत इंग्रजी शिकणारें पहिलें मूल तेच, त्यांस ती विद्या अकस्मात् लाभलेल्या धनासारखी वाटते, आणि चार पाहुण्यांसमोर बापाच्या बोलण्याचा संकोच वाटूं लागतो. परंतु हें धन विंडफॉल नव्हे. तें वाऱ्यानें पडलेलें नाहीं. कोणीतरी शेतांत, गिरणींत किंवा चुलीपुढें राबून फीचे पैसे भरले आहेत. तेव्हां सुटींत घरीं गेल्यावर आजीस विचारून आपल्या सर्व नातलगांचीं नातीं मराठींत लिहून काढावीं व त्यांपुढें इंग्रजी शब्द मांडावे. पहिला रकाना किती लांब होतो व दुसरा किती लवकर संपतो, तें पाहण्यासारखें आहे.